गिरणी बंद करा, गुरुजी बोलत्यात

टेपगुरुजींना शाळेत शिकवताना कुणी पाहिलं नाही. हे मी निंदा म्हणून सांगत नाही, आणि कौतुक म्हणून तर मुळीच नाही. खरं आहे म्हणून सांगतो. त्यांचा पगार शाळेचा, हजेरी शाळेत, पण शिकवणं माझ्या घरात. तेही स्वतः हजर न राहता. दिवेलागणीला, माझ्या बायकोच्या चुलीपासून हाताच्या अंतरावर, एका काळ्या टेपमधून त्यांचा आवाज यायचा, आणि मला माझ्याच घरात गप बसावं लागायचं.

माझी पिठाची गिरणी आहे. खर्ड्याच्या बाजूला, गावापासून तुटलेली आमची वस्ती. गिरणीवाल्याचा आवाज मोठा होतो, त्याला इलाज नाही. मोटर सुरू झाली, पट्टा फिरायला लागला की शेजारी उभं राहिलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. बाईनं डबा पुढं केला की मी ओरडून विचारायचो, "बारीक का जाडं?" ती काय म्हणाली ते कळायचं नाही. मग मीच डब्यात बघून ठरवायचो आणि दळण टाकायचो. सगळा जन्म असा गेला. विचारायचं, आणि आपलं आपणच ठरवायचं. घरात पण तसंच. शेवंताला, म्हणजे माझ्या बायकोला, मी विचारायचो, "जेवलीस का?" आणि तोंड धुवायला निघून जायचो. जेवली असणारच, त्यात ऐकायचं काय?

हे गुरुजी मूळचे नगरचे, ख्रिस्ती घरातले. लहानपणापासून त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गायल्यामुळं गळा गोड होता. लग्न केलेलं नव्हतं. सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि सायकलच्या कॅरिअरला तो टेप सुतळीनं बांधलेला. गावातल्या शाळेत चार वर्ग, खोल्या दोन, आणि मास्तर हे एकटेच. दुसऱ्या मास्तराची जागा रिकामी ती रिकामीच. चौथीला गणित सांगायला घ्यावं तर पहिलीतली एकमेकांच्या उरावर बसायची. पहिलीला गिरवायला बसवावं तर चौथी चिंचेवर. असं एक वर्ष काढलं आणि एके दिवशी दळणाचा डबा घेऊन माझ्याकडं आले.

"तात्या," म्हणाले, "सांगायचं काम माणूस समोर नसला तरी होतं. चुकलेलं धरायला मात्र माणूस लागतो. मग मी शाळेतला सगळा वेळ सांगण्यात का घालवू?"

मला काही समजलं नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. धडा ते टेपमध्ये भरणार. संध्याकाळी वस्तीवरची पोरं एका घरी बसून तो ऐकणार. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगणं बंद. शाळेत नुसतं करायचं. गणितं करायची, मोजायचं, लिहायचं, अडलं की तिथं गुरुजी. "सांगणं घरी, करणं शाळेत," असं म्हणायचे. हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हटलं असतं.

वस्तीवर लाईट माझ्याकडं, गिरणीमुळं. पडवी मोठी. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पोरं बसवली तर चालेल का?" आणि गप झाले.

आता हा त्यांचा स्वभाव सांगायलाच पाहिजे. सगळी माणसं विचारतात आणि वर चार शब्द जोडतात, "न्हाई, म्हंजी तुमाला अडचन नसली तर." गुरुजी जोडायचे नाहीत. विचारायचे आणि तोंडाकडं बघत थांबायचे. मोटर बंद होती. मला असं कुणाच्या गप्पपणात उभं राहायची सवय नाही. मी 'न्हाई' म्हणायला तोंड उघडतोय तोवर आतून शेवंताचा आवाज आला.

"चालंल की."

ती सुरुवात. त्यांनी मोकळी ठेवलेली जागा भरायची तिला तेव्हापासून सवय लागली.

पहिल्या संध्याकाळी गुरुजी टेप ठेवून गेले आणि पडवीत पोरं दाटीनं बसली. शेवंतानं बटण दाबलं. मी आपला माझ्या कामात. बाया डबे घेऊन आलेल्या, मोटर चालू. तोच शेवंता पदर खोचून गिरणीच्या दारात उभी.

"गिरनी बंद करा. गुरुजी बोलत्यात."

"मग बोलू दे की! मी काय त्यांच्या तोंडावर हात ठिवलाय का?"

"गप बसा की वोऽ," ती म्हणाली. खालून सुरू करून तो 'वो' असा वर न्यायची की पुढं काही बोलता यायचं नाही. मी स्टार्टर पाडून मोटर बंद केली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण म्हणाली, "तात्या, आज दुसऱ्याच मोटरीवर घर चाललंय जनू."

त्या दिवसापासून दिवेलागणीची माझी गिरणी बंद. दळण घेऊन येणाऱ्या बायांनी वेळ बदलली, पण मला खुपायचं ते वेगळंच. माझ्या घरात परक्या पुरुषाचा आवाज, आणि माझी बायको भाकरी थापायची थांबून ऐकतेय. तसलं काही नव्हतं हे मला माहीत होतं. तसलं असतं तर सोपं गेलं असतं. सरळ भांडता आलं असतं.

पहिले काही धडे पार फसले, हे सांगायला मला बरं वाटतं. गुरुजी शाळेत बोलायचे तसंच टेपमध्ये बोलले. लांबच लांब. निम्मी पोरं भिंतीला टेकून झोपली. उरलेली ढोसाढोशी करत होती. आठवड्यानं गुरुजी विचारायला आले तेव्हा मी मनात म्हटलं, आता गाशा गुंडाळतील. शेवंतानं चहा दिला आणि तोंडावर सांगितलं.

"गुरुजी, तुमी लई बोलता."

"अस्सं?"

"मास्तर समूर असला की पोरं भ्यावानं जागी ऱ्हात्यात. टेपाला कोन भेतंय? थोडं बोला. मग थांबा. पोरास्नी बी बोलू द्या की."

मला वाटलं आता गुरुजींचं तोंड उतरेल. कसचं काय. त्यांनी कप खाली ठेवला आणि असे बघायला लागले की जणू त्यांचं हरवलेलं काही तिनं आणून दिलंय. "वहिनी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं," म्हणाले आणि ती हसली. माझ्या बायकोनं मला आयुष्यात इतक्या गोष्टी सांगितल्या, त्यातली एक जरी मी अशी ऐकली असती तर ती पण माझ्याकडं अशी बघून हसली असती का, हे मी तेव्हा मनात आणलं नाही. आज पण आणत नाही. गिरणी चालवायची का ऐकत बसायचं?

पुढचा धडा आला तो एवढासा. चार वाक्यं बोलायचे की म्हणायचे, "आता टेप थांबवा. घरात गोल काय काय आहे ते शोधून आणा." पोरं उधळायची. कुणी ताट, कुणी भाकरी, एकानं तर बैलाच्या गळ्यातली घंटी आणली. परत बटण दाबलं की गुरुजी म्हणायचे, "आणलं? मग मला सांगा, याचा मधोमध कसा शोधाल?" आणि टेप नुसती फिरत राहायची. आवाज नाही. खर्रर्र एवढंच. ती जागा त्यांनी मुद्दाम मोकळी सोडलेली असायची, पोरांच्या उत्तरासाठी.

पोरं उत्तर द्यायची, आणि शेवंता पण द्यायची. चुलीपुढं बसून, पिठाचे हात तसेच. "दोरीनं," म्हणायची. "दोरी दुमडायची मधोमध." टेपमधला माणूस ऐकत नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ज्यानं विचारून जागा सोडली त्याला उत्तर द्यायचं, असा तिचा हिशेब. माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलणारी बाई त्या मोकळ्या टेपशी बोलायची. मी खाटेवर बसून बघायचो. आत काहीतरी दळलं जायचं, बारीक.

एक गंमत सांगतो. गुरुजी नव्या कॅसेटी घ्यायचे नाहीत. बाजारातल्या जुन्या, तमाशाच्या गाण्यांच्या घ्यायचे. त्यांच्या पाठीमागच्या खाचांवरच्या पट्ट्या मोडलेल्या असल्या की वर दुसरं भरता येत नाही. गुरुजी त्या खाचांत कागदाचा बोळा कोंबायचे आणि गाण्यावर धडा भरायचे. धडा संपला आणि बटण वेळेवर बंद केलं नाही की मागची ढोलकी सुरू. पोरं याचीच वाट बघायची.

गावात कुरकुर सुरू झाली होती. मास्तर शाळेत शिकवत नाही, नुसता फिरतो. खरंच होतं. मी एकदा शाळेत डोकावलो. पोरं जमिनीवर टोळक्यांनी बसलेली, कुणी चिंचोके मांडतंय, कुणी कुणाला खोडून काढतंय, आणि गुरुजी उकिडवे बसून एका पोरीच्या पाटीकडं बघतायत. बोलत नाहीत. ती पोरगी चुकली, पुसलं, परत चुकली. मी बाहेरून ओरडणार होतो की अगं सात येतात! तर गुरुजींनी माझ्याकडं न बघताच हात वर केला. थांबा म्हणून. कुरकुर करणाऱ्यांत मी पुढं होतो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, लपवायचं काय त्यात.

मग तपासणीला साहेब आले. त्यांनी एका पोराला विचारलं, "गुरुजी काय शिकवतात रे?"

पोरगं उभं राहून म्हणालं, "गुरुजी शाळंत न्हाई शिकवत. तात्याच्या गिरनीत शिकवत्यात."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणतात. संध्याकाळी जीप आमच्या वस्तीवर. मला मनातून आनंद, आता मिटलं एकदाचं. पडवीत साहेबांना खुर्ची दिली. शेवंतानं बटण दाबलं. साहेब ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवंता पाहुण्यांच्या चहात गुंतली. बटण राहून गेलं. धडा संपला आणि खणखणीत ढोलकी! वर त्या बाईचा आवाज, चोळीवरून काहीतरी. पोरं लोळायला लागली. मी एवढा हसलो की ठसका लागला.

शेवंतानं शांतपणे बटण दाबलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी बटन दाबती."

"बाई, खरं सांगा. हे मास्तर शिकवतात का?"

"न्हाई साहेब, शिकवत न्हाईत. इचारत्यात." आणि मग तिनं साहेबांनाच विचारलं, "तुमास्नी ल्हानपनी कुनी इचारलं हुतं का?" आणि थांबली. हुबेहूब गुरुजींसारखी.

साहेबांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "चहा चांगला झालाय." जीप गेली आणि पुन्हा कुणी तपासायला आलं नाही. मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही. माझ्या बायकोच्या बोलण्यात त्या माणसाची थांबायची ढब उतरली होती. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून माझी एक तरी सवय उतरली होती का तिच्यात?

पुढं तर कहर झाला. गुरुजींचं बोलणं शुद्ध. पोरांना भागाकार काही केल्या उमगेना. एका संध्याकाळी टेप बंद केल्यावर शेवंतानं पोरांना सांगितलं, "आरं, भागाकार म्हंजी डबं भरनं. एवढं पीठ हाय, एवढं डबं हायती. समद्यास्नी सारखं घालायचं. खाली ऱ्हाईल ती बाकी. ती फेकायची न्हाई, उंबऱ्यापाशी ठिवायची, उद्याच्याला." पोरांनी दुसऱ्या दिवशी शाळेत तसंच सांगितलं आणि गुरुजी सायकल घेऊन हजर.

"वहिनी, उद्यापासून निम्मं मी सांगणार, निम्मं तुम्ही. पुस्तकातलं माझं, घरातलं तुमचं."

ती लाजली, नको म्हणाली. गुरुजी थांबून राहिले. ती हो म्हणाली. त्यांच्या त्या थांबण्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

मग तिचा आवाज टेपमध्ये भरला जायला लागला. ते धडे दुसऱ्या वस्त्यांवर पण जायचे, ज्यांच्याकडं टेप होता त्यांच्याकडं. एकदा खर्ड्याच्या बाजारात आम्ही वांगी घेत होतो. शेवंता भाव करत होती. पलीकडची एक बाई एकदम वळली. "अगं बया, तुमी त्या टेपातल्या शेवंताबाई का? आमची नात तुमचंच ऐकती. आवाजावरनं वळखलं." भोवती चार बाया जमल्या. मी पिशवी धरून उभा. कुणी विचारलं सुद्धा नाही हा कोण. वांगीवाल्यानं माझ्या हातात वांगी दिली आणि म्हणाला, "बाईंचं मानूस का तुमी?"

त्याच आठवड्यात मी गिरणी चालू केली. ती धडा भरत होती तेव्हाच. दळण होतं, खरंच होतं, सोयरीक असलेल्या घरची बाई ताटकळत होती. टेपमध्ये शेवंताचं "आता ह्यात बगा" एवढं आलं आणि धडधडधड. ती दारात आली. कमरेवर हात. तशीच बघत राहिली. मी दळण पुरं केलं.

गुरुजी चिडतील, ओरडतील, मग मी पण ओरडेन, एकदाचं मोकळं होईल असं मला वाटलं होतं. त्या माणसानं काय करावं? ती कॅसेट पुसली नाही. तिच्यावरच पुढं आपला आवाज भरला. "पोरांनो, वहिनी मधेच का थांबल्या? हा आवाज कशाचा? सुरू होताना कसा होता, नंतर कसा झाला? उद्या बघायला जाऊ."

दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा माझ्या दारात. मोटर बंद ठेवून पट्टा हातानं फिरवायला लावला. मोटरीचं चाक लहान, गिरणीचं मोठं. पोरांनी खडूनं खुणा केल्या आणि लहान चाक किती फिरलं की मोठं एकदा फिरतं ते बघायला लागली. मला काय ठाऊक नाही का? मी ओरडलो, "आरं, त्यात काय..." तर गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तात्या, सांगू नका. थांबा."

माझ्या गिरणीत! माझ्या चाकाबद्दल! मी थांबलो. पोरं चुकली, भांडली, परत फिरवलं, आणि शेवटी त्यांचं त्यांना सापडलं तेव्हा एवढा गिल्ला झाला की वरची पाखरं उडाली. शेवंता दारात उभी राहून हसत होती. बघत होती गुरुजींकडं. माझा राग सुद्धा त्या माणसानं धडा करून टाकला होता. राग पण माझा राहू दिला नाही.

मग त्यांची बदली झाली. पुणतांब्याकडं, गोदावरीच्या काठाला, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. लोक म्हणाले, कॅसेटी तरी ठेवून जा, पोरांना लावू. गुरुजी नाही म्हणाले. "मागच्या पोरांचा धडा पुढच्या पोरांना लावू नका. त्यांचं अडणं वेगळं असतं. धडा कळला की टेप पुसायची, नाहीतर मास्तर आळशी होतो." कॅसेटी बरोबर नेल्या. तिकडं नदी होती, तिकडची पोरं वेगळी, तिथं नव्यानं भरायच्या होत्या.

शेवंतानं त्यांच्यासाठी बाजरी दळायला दिली. मला दोनदा सांगितलं, चांगली दळा. मी चांगली दळली. त्यात खोट काढायला जागा नाही. एस.टी.च्या थांब्यावर गुरुजींनी मला विचारलं, "तात्या, वस्तीवरच्या पोरांना आता कोण विचारेल?" आणि थांबले. मी म्हणालो, "गाडी आली."

त्यानंतरची एक संध्याकाळ. दिवेलागण झाली आणि मी गिरणी बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं. शेवंता बाहेर आली.

"का वो बंद केली?"

"पट्टा गरम झालाय."

तिनं पट्ट्याकडं एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी पण पट्टा गरम झाला. रोजच व्हायला लागला. आम्ही दोघं पडवीत बसायचो. ती काही बोलेल असं मला वाटायचं. ती रिकाम्या पडवीकडं बघायची आणि मी तिच्याकडं. एवढंच.

ती गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. पोटाचं दुखणं होतं. नगरच्या दवाखान्यात नेली, आणली, परत नेली. दहाव्याला माणसं आली. प्रत्येकजण विचारायचा, "कसं काय झालं वो?" आणि मी तोंड उघडायच्या आत आपणच म्हणायचा, "देवाची मर्जी." मी मनात म्हणायचो, बाबा, तू पण गिरणीवालाच दिसतोस.

फोटो एक आहे, लेकीच्या लग्नातला. पण घरात आवाज राहिला नाही. एके दिवशी दळता दळता डोक्यात आलं, तिचा आवाज आहे. त्या माणसाकडं आहे. माझ्या बायकोचा आवाज, आणि तो पेटीत घालून बसलाय. मी मोटर बंद केली, डबे तसेच ठेवले आणि नगरची गाडी धरली.

गुरुजी निवृत्त होऊन नगरातच, सावेडीला बहिणीकडं राहतात हे माहीत होतं. रिक्षावाल्यानं दारात सोडलं. गुरुजी पार वाळलेले. मला बघून उठले आणि माझ्या मागं बघितलं, कुणी आहे का. मी म्हणालो, "एकटाच आलोय. ती गेली."

ते खाली बसले.

मी पाणी सुद्धा घेतलं नाही. म्हणालो, "तिची टेप द्या. तुमी लई वर्सं ऐकली. आता माजी हाय."

त्यांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. एकेक कॅसेट लावली. पुणतांब्याची पोरं, नदीचं काहीतरी, होडीचं गणित, गुरुजींचा आवाज, मोकळी जागा, खर्रर्र. एकीच्या शेवटी ढोलकी. दुसरी, तिसरी. तिचा आवाज कुठंच नाही. शेवटची लावून झाल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांवर भरलंय, तात्या. मी ठेवायला हवी होती एक."

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगू? त्याच्या जोडीला थोडं बरं पण वाटलं. त्यांच्याकडं पण नव्हती ती.

मी उठायला लागलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी शेवटी शेवटी काय बोलायच्या?" आणि थांबले.

बाहेरून स्कूटर गेली. आत कुठं तरी नळ ठिबकत होता. ते माझ्याकडं बघत होते. देवाची मर्जी म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. मी म्हटलं, बघू किती थांबतो हा माणूस. तो थांबूनच होता. मग मी बोलायला लागलो. दवाखान्यातलं सांगितलं, ती खिडकीकडं तोंड करून झोपायची ते सांगितलं, पट्टा गरम व्हायचा ते सांगितलं. दहाव्याला जे पोटात राहिलं होतं ते सगळं. म्हणजे ही माझी बायको इतकी वर्षं या थांबण्यावर भाळली होती तर. मला आता कळलं, आणि जास्तच जळलं. हे एवढंसं होतं, आणि ते त्याच्याकडं होतं.

माझं संपल्यावर गुरुजी म्हणाले, "त्यांचा आवाज मला नीट आठवत नाही आता. टेपमधला आठवतो. तो फार जपून काढलेला. घरात कशा बोलायच्या?"

मी म्हणालो, "घरात व्हय?"

आणि मी काढला तिचा आवाज. मला माहीत नव्हतं येतो म्हणून. गिरणीवाल्याच्या फाटक्या गळ्यातून, खालून सुरू करून वर नेत. "गप बसा की वोऽ!"

आतून गुरुजींची बहीण डोकावून गेली. गुरुजी हसले, मग हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

"हे मला कधी ऐकायला मिळालं नाही," म्हणाले.

"कसं मिळंल? त्ये माजं हुतं."

ते खिडकीकडं बघायला लागले. बोट टेपच्या बटणावर, उगाच दाबत, सोडत. तसा चेहरा मी ओळखतो. गिरणीच्या भिंतीवर आरशाचा एक तुकडा होता, पीठ पुसायला, त्यात दिवेलागणीला तो मला रोज दिसायचा.

बहिणीनं चहा आणला. मी बशीत ओतला आणि सावकाश प्यायलो.

"तात्या," गुरुजी म्हणाले, "अजून एकदा म्हणाल का तसं?"

मी लगेच म्हटलं नाही. बशी खाली ठेवली आणि त्यांना थोडं थांबू दिलं.